स्ट्रॉबेरीचं रोप माना टाकतंय? पाणी घालायच्या आधी मुळं बघा

सकाळी रोप टवटवीत, दुपारी बारा-एकला पानं लोंबलेली, संध्याकाळी परत थोडी उभी, आणि माती हाताला ओलीच लागतेय. मग आपण काय करतो तर अजून एक तांब्या पाणी घालतो. गोव्यात हल्ली खूप जण गॅलरीत, टेरेसवर, घराच्या मागच्या बागायतीत महाबळेश्वर-वाईकडची रोपं आणून स्ट्रॉबेरी लावतात, सांगे तालुक्यात वेर्लेला तर शेतातच लागवड झालेली आहे, म्हणजे आपल्या हवेत ती येत नाही असं अजिबात नाही. पण डिसेंबर उजाडला की रोपं एकेक करून बसायला लागतात आणि सगळा दोष हवेवर जातो. हवा असते कधीकधी, पण माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त वेळा कोणीतरी खालून मुळं खात असतं, आणि तो खाणारा बहुतेक वेळा आपणच शेणखताच्या पिशवीतून घरी आणलेला असतो. म्हणून खालचं सगळं नीट वाचा, विशेषतः लागवडीच्या आधीचा भाग, कारण रोप बसल्यावर करता येतं ते थोडंच असतं.

आधी खात्री करा की मुळंच खाल्ली जातायत

रोपाचा जाड बुंधा, ज्याच्यातून पानं फुटतात, ज्याला सगळे क्राउन म्हणतात, तो दोन बोटांत धरून हलकेच हलवा. चांगलं रोप मातीत घट्ट असतं. मुळं खाल्लेलं रोप लगेच डुगडुगतं, आणि जरा ओढलं की आख्खं हातात येतं, खाली मुळं जवळजवळ नाहीतच किंवा तुटक्या दोऱ्यांसारखी टोकं राहिलेली. असं झालं तर समजा की अळी आहे. कुंडी वर्तमानपत्रावर उलटी करा आणि माती बोटांनी फोडून बघा. जमिनीत असेल तर रोपाभोवती सहा इंच खोल उकरा, स्ट्रॉबेरीची बरीचशी मुळं वरच्या पाऊण-एक वितीतच असतात, त्यामुळे खाणारा पण तिथेच सापडतो.

पण मुळं आहेत आणि काळी पडलीयत, चिमटीत धरून ओढली की वरची साल सुटून आतला बारीक पांढरा दोरा उरतो, वास येतोय, तर ती कीड नाही, ती मूळकूज. क्राउन उभा कापलात आणि आत तांबूस-तपकिरी दिसलं तर तोही बुरशीचाच रोग. ह्याला कीडनाशक घालून काही होणार नाही, पाण्याचा निचरा सुधारावा लागेल आणि ते रोप काढून टाकावं लागेल. आणि पानांच्या फक्त कडा करपून तपकिरी होतायत, मुळं ठीक आहेत, तर पाण्यातला खारेपणा बघा. खाडीजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळा जवळ येतो तसं मचूळ होतं आणि स्ट्रॉबेरीला मीठ अजिबात सोसत नाही, न धुतलेल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, पण क्षार असतात. ह्या तिन्ही गोष्टी वरून सारख्याच दिसतात, रोप मलूल. म्हणून उपटून किंवा उकरून बघितल्याशिवाय एक थेंब औषध घालू नका.

अळी सापडली, आता ती कोणती

इंटरनेटवर शोधलंत की पहिले दहा व्हिडिओ वाइन वीविल नावाच्या सोंड्या भुंग्याचे येतील. ती थंड देशांतली कीड आहे, तिच्यासाठी सांगितलेले महिने आणि वेळापत्रक आपल्याकडे लागू होत नाही, ते सोडून द्या. आपल्याकडे मुख्य गुन्हेगार म्हणजे हुमणी.

हुमणी पांढरट, जाडसर, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, डोकं तपकिरी, डोक्याजवळ पायांच्या तीन जोड्या, मागचा भाग काळपट कारण पोटातली माती बाहेरून दिसते. पोफळी-माडाच्या मुळांवर जगणारी हुमणी कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग असलेल्या लोकांना सांगायला नको, फोंडा, सत्तरी, सांगे भागात ती ओळखीची आहे, आणि कुळागरातली माती उचलून कुंडीत भरली की अळ्या किंवा अंडी सोबत येतात. मोठ्या झाडाला दहा-बारा अळ्यांनी लगेच काही होत नाही, स्ट्रॉबेरीच्या कुंडीला एक-दोन मोठ्या अळ्या पुरतात.

आता महत्त्वाचं. शेणखतात सापडणारी प्रत्येक पांढरी वळलेली अळी हुमणी नसते. सगळ्यात मोठी, अंगठ्याएवढी जाड असेल ती बहुतेक गेंड्या भुंग्याची, म्हणजे माडाचा शेंडा पोखरणाऱ्या शिंगवाल्या भुंग्याची. ती कुजलेलं शेण, कुजलेलं माडाचं खोड खाते, जिवंत मुळं खाणं हा तिचा धंदा नाही, पण छोट्या कुंडीत शिरली तर माती इतकी उलथीपालथी करते की मुळं सुटतात. शिवाय तिला सोडलीत तर उद्या शेजाऱ्याचा माड जाईल, त्यामुळे ती मारायचीच. तिसरी एक असते फुलांवर येणाऱ्या भुंग्यांची अळी, ती निरुपद्रवी, कुजका पाला खाऊन खत करते. ओळखायची युक्ती अगदी सोपी आहे, अळी सपाट फरशीवर ठेवा आणि मिनिटभर थांबा. फुलभुंग्याची अळी पाठीवर उलटी होते आणि पाय वर करून पाठीवरच सरपटत जाते. हुमणी तशी जात नाही, कुशीवर वळलेली पडून राहते किंवा पायांवर ओढत जाते. पाठीवर चालणारी सापडली तर तिला खताच्या ढिगात परत सोडा, ती आपली कामगार आहे. वाणी म्हणजे मिलिपीड आणि गांडुळं पण सोडा, पावसाळ्यात वाणी दिसली की लोक घाबरून औषध मारतात पण ती बहुतेक कुजकंच खाते.

हुमणीचं वर्ष कसं चालतं

हे समजलं की अर्धं काम झालं. मिरगाचा पाऊस पडला, किंवा त्याच्या आधीच्या वळवाच्या सरी आल्या, की जमिनीतले तपकिरी भुंगे संध्याकाळी अंधार पडता पडता बाहेर येतात, झाडांवर बसून पानं खातात, तिथेच जोड्या जमतात, आणि मादी परत ओल्या मऊ मातीत शिरून अंडी घालते. साधारण दोन आठवड्यांच्या आत-बाहेर अंडी फुटतात. सुरुवातीला अळी बारीक असते, कुजका पाला आणि केसासारखी मुळं खाते, आपल्याला कळतही नाही. पुढे दोनदा कात टाकून ती मोठी होते आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर पुढचे काही महिने तिची खरी भूक असते. आणि आपण स्ट्रॉबेरी लावतो कधी, दसरा-दिवाळीच्या सुमाराला! म्हणजे नर्सरीतून आणलेलं कोवळं रोप नेमकं सगळ्यात मोठ्या अळीच्या तोंडाशी नेऊन ठेवतो.

त्यामुळे डिसेंबरात औषध शोधण्यापेक्षा मे ते ऑक्टोबर ह्या महिन्यांत काम करायचं.

मे महिना लागताच जुन्या कुंड्यांची सगळी माती ताडपत्रीवर पातळ पसरा, तीन-चार इंचांपेक्षा जाड थर नको. दोन-तीन दिवस नुसती उन्हात ठेवा आणि मधूनमधून हलवा, साळुंक्या, कावळे, कोंबड्या असतील तर कोंबड्या, त्यांना एक अळी सुटत नाही. मग माती ओली करून वरून पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा चिऱ्यांनी दाबा आणि निदान चार आठवडे हलवू नका. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच, ऊन आत जाऊन अडकलं पाहिजे. जमिनीतल्या वाफ्यालाही असंच करता येतं, फक्त तिथे मोठ्या अळ्या आणि कोष खोल जातात आणि वाचतात, म्हणून प्लास्टिकच्या आधी कुदळीने खोल खणून ढेकळं उलटी करा. पाऊस सुरू व्हायच्या आत ही माती कोरडी करून पोत्यांत भरून छपराखाली ठेवा. ही पायरी लोक चुकवतात, उन्हात तापवलेली माती जूनमध्ये उघडी ठेवली तर भुंग्याला मऊ गादी तयार करून दिल्यासारखंच आहे.

जूनच्या पहिल्या पावसानंतरचे आठ-पंधरा दिवस संध्याकाळी साडेसात ते नऊ बाहेरचा एक बल्ब लावून त्याच्याखाली साबणाच्या पाण्याचा टब ठेवा. भुंगे येऊन पडतात. नऊनंतर दिवा बंद करा, कारण हाच काळ काजव्यांचा असतो आणि रात्रभर दिवे राहिले की त्यांची जोडी जमत नाही, गावाकडे राहणाऱ्यांनी तेवढं तरी बघावं. दिवे लावायचे नसतील तर टॉर्च घेऊन जवळच्या कडुनिंब, बोर, शेवग्याच्या फांद्या हलवा, खाली जुनं लुंगडं अंथरा आणि पडलेले गोळा करा. आजूबाजूच्या चार घरांनी मिळून केलं तर फरक मोठा पडतो, एकट्याने केलं तरी आपल्या कुंड्यांपुरता पडतोच.

शेणखत

ह्याच्यावर जरा जास्त लिहितो कारण सगळा घोळ इथेच होतो. गोठ्याच्या मागे उघड्यावर वर्षभर पडलेला ढीग पावसाळ्यात भुंग्यांचं बाळंतघर असतो. आपल्याला विकणारा माणूस सप्टेंबर-ऑक्टोबरात तोच ढीग पिशव्यांत भरून देतो. अर्धवट कुजलेलं, गरम लागणारं, शेणाचे गोळे ओळखू येणारं खत घेऊच नका. पूर्ण कुजलेलं, काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं घ्या आणि घरी आणल्यावर चाळणीतून, वाळू चाळायची असते तशा जाळीतून, चाळा. अळी दिसली की काढली. कुंडी भरताना आयती पिशवी सरळ ओतायची नाही हा एवढा एक नियम पाळलात तरी पुष्कळ रोपं वाचतील.

चाळलेल्या खतात मेटारायझियम मिसळायचं. ही एक बुरशी आहे, पूर्ण नाव मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली, पावडरमध्ये मिळते, माणसाला, गुरांना, गांडुळांना त्रास देत नाही आणि भुंगेवर्गातल्या अळ्यांवर वाढते. दहा किलो खताला साधारण १०० ग्रॅम पावडर, ओलसर करून सावलीत पोत्याखाली दहा-पंधरा दिवस ठेवायचं, एकदोनदा वरखाली करायचं, मग कुंड्यांत वापरायचं. पाकिटावरची तारीख बघून घ्या, जुनं पाकीट म्हणजे नुसता भुसा. दुकानात बरेचदा ट्रायकोडर्मा नावाची दुसरीच बुरशी पुढे करतात, ती मूळकुजीसाठी चांगली आहे पण हुमणीला काहीही करत नाही, नाव वाचून घ्या. अजून एक, कुळागरात पोफळींना कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारी कुजण्याच्या रोगासाठी, बोर्डो मिश्रण मारतात, त्यात तांबं म्हणजे बुरशीनाशक असतं, पोफळीखाली ठेवलेल्या कुंड्यांवर ते ठिबकलं तर आपली चांगली बुरशी पण मरेल. कुंड्या तेवढ्यापुरत्या बाजूला घ्या.

निंबोळी पेंड किंवा करंज पेंड मातीत मिसळणं चांगलंच, दहा-बारा इंची कुंडीला एक मूठ, लागवडीच्या निदान दोन आठवडे आधी. ताजी पेंड रोप लावताना मुळाला चिकटून टाकू नका, कुजताना तापते आणि कोवळी मुळं भाजतात. पण खरं सांगायचं तर पेंडीने लहान अळ्या दबतात, बोटाएवढी झालेली हुमणी पेंडीने मरत नाही. म्हणून पेंड टाकली, झालं, असं समजू नका.

कुंडी कुठे ठेवायची

सरळ मातीवर नको. दोन चिऱ्यांवर उचलून ठेवा, खालच्या भोकावर शेडनेटचा दुहेरी तुकडा टाका म्हणजे पाणी जातं आणि खालून वाळवी, मुंग्या, अळ्या शिरत नाहीत. तळाला नारळाची सोडणं घालायची आपल्याकडे सवय आहे, ओल धरतात हे खरं, पण त्यात मुंग्या घर करतात, मी तरी स्ट्रॉबेरीला सोडणांऐवजी फुटक्या कौलांचे तुकडेच सांगेन. कुजकं माडाचं खोड, जुना सरपण, पालापाचोळ्याचा ढीग कुंड्यांपासून लांब.

जमिनीत वाफा करणार असाल तर एक छान जुळणी आहे. जून-जुलैत त्याच वाफ्यात झेंडू लावा. दसऱ्याला, दिवाळीला फुलं निघतात, आणि झेंडूच्या मुळांमुळे मातीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिशय बारीक कृमी, कमी होतात. सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत, मुळांवर बारीक गाठी दिसल्या, रोप खुरटलं की त्यांचा संशय घ्यायचा. झेंडू दोन-तीन महिने वाफ्यात राहिला पाहिजे, कडेने दोन रोपं लावून उपयोग नाही. फुलं काढून झाली की झाडं तिथेच चिरून मातीत गाडा आणि मग स्ट्रॉबेरी. उलट पावसाळ्यात जिथे सात शिरांची भेंडी, टोमॅटो किंवा वांगी होती त्या वाफ्यात लगेच स्ट्रॉबेरी नको, भेंडी-टोमॅटोवर सूत्रकृमी पोसले जातात. आगशीच्या वांग्याच्या पानांच्या कडा करवतीने कापल्यासारख्या खाल्लेल्या दिसतात ना, ते राखाडी सोंड्या भुंग्याचं काम, त्याची बारीक बिनपायाची अळी खाली वांग्याची मुळं खाते. स्ट्रॉबेरीच्या पानांना तशा खाचा दिसल्या तर रात्री टॉर्च घेऊन भुंगे वेचा आणि माती तपासा.

लागवड झालीय आणि अळी आत आहे, आता काय

एका कुंडीत सापडली तर सगळ्या कुंड्या तपासा, हा कंटाळवाणा भाग आहे पण पर्याय नाही. कुंडीतलं रोप मातीच्या गड्ड्यासकट काढून कडा बघितल्या तरी बरंच कळतं, मोठी अळी बरेचदा कुंडीच्या भिंतीला लागून असते.

ज्यात सापडली ते रोप बाहेर काढा, मुळं बादलीत हलके धुवा, तुटकी काळी टोकं कात्रीने छाटा. फुलं आणि कच्ची फळं सगळी काढून टाका. जीवावर येतं, माहितेय, पण मुळं नसलेलं रोप फळ पोसू शकत नाही. जुनी पानं काढून मधली दोन-तीन कोवळी ठेवा. मग ताज्या चाळलेल्या मिश्रणात परत लावा, क्राउनचा मधला कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे, गाडला तर कुजतो. आठ-दहा दिवस सावलीत, माती ओलसर, चिखल नाही. थोडी जरी पांढरी मुळं शिल्लक असतील तर रोप उठतं. आणि त्याला रनर म्हणजे लांब देठाचं पिल्लू फुटलेलं असेल तर ते लगेच शेजारी एका ग्लासात माती भरून त्यात केसांच्या पिनेने दाबून ठेवा, आई गेली तरी पिल्लू राहील.

बाकीच्या कुंड्यांना मेटारायझियम पाण्यातून द्या, लिटरला ५ ते १० ग्रॅम, पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर ते धरा, संध्याकाळी, माती आधी ओली करून. हे आज घातलं आणि उद्या अळी मेली असं होत नाही, दोन-तीन आठवडे धीर धरा. लागू पडलं तर अळी आधी कडक होते, अंगावर पांढरी बुरशी येते आणि मग हिरवी पावडर. तशी अळी सापडली तर फेकू नका, मातीतच कुस्करून ठेवा, तिच्यावरची बुरशी पुढच्या अळीला लागते. दुसरा चांगला उपाय म्हणजे अळी मारणारे मित्र सूत्रकृमी, हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका नावाचे. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी वेगळे आणि हे वेगळे, हे झाडाला हात लावत नाहीत, अळीच्या अंगात शिरून तिला मारतात, मेलेली अळी विटकरी लाल होते. हे जिवंत असतात, त्यामुळे उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका, संध्याकाळीच घाला आणि पुढचे काही दिवस माती सुकू देऊ नका. दोन्हीपैकी काहीही घातल्यावर पंधरा दिवस बाविस्टीन वगैरे बुरशीनाशक मातीत ओतू नका, मेटारायझियम तर त्याने सरळ मरतं.

रासायनिक दाण्यांबद्दल. जुने लोक अजून थिमेट टाका म्हणतात. त्यातलं फोरेट भारतात २०२० च्या शेवटापासून बंद आहे आणि ते बंद झालं ते बरंच झालं, फार विषारी. कुठे जुना साठा मिळाला तरी घेऊ नका. स्ट्रॉबेरी आपण सालीसकट, बरेचदा कुंडीतून तोडून तशीच खातो, आणि पहिली खाणारी घरातली लहान मुलं असतात. घरच्या दहा-वीस रोपांसाठी मातीत विषारी दाणे घालायची मला काहीच गरज दिसत नाही, हाताने अळी काढणं हाच कुंडीतला सगळ्यात जलद उपाय आहे.

बाकीचे छोटे-मोठे

वाळवी मुळात मेलेलं लाकूड आणि कोरडं गवत खाते, माती सुकली आणि आच्छादनाला कोरडा पेंढा असला की स्ट्रॉबेरीच्या बुंध्याकडे वळते. पेंढ्याऐवजी मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकायचं पातळ प्लास्टिक, वापरा. आलीच तर भोकं पाडलेल्या मडक्यात दाणे काढलेली मक्याची कणसं ओली करून भरा आणि वाफ्याजवळ पुरा, आठवड्याभरात वाळवी त्यात गोळा होते, मडकं उचलून गरम पाण्यात बुडवा. जवळपास वारूळ असेल तर ते फोडायला जाऊ नका, आपल्याकडे सातेरी देवीचं स्थान म्हणून त्याला हात लावत नाहीत आणि बागेसाठीही त्याची गरज नाही, वाफा लांब घ्या.

कोकोपीट सतत ओलं राहिलं की चिलटांसारख्या काळ्या माश्या उडतात, त्यांच्या काचेसारख्या अळ्या, काळ्या डोक्याच्या, बारीक मुळं खातात, छोट्या रोपांना त्रास होतो. बटाट्याची चकती मातीवर पालथी ठेवा, तीन-चार दिवसांनी उचलून खाली बघा, अळ्या चिकटलेल्या दिसतील. वरची इंचभर माती सुकू द्या मगच पाणी घाला, पिवळे चिकट सापळे लावा. वर वाळूचा थर द्यायचा तर नदीची वाळू, समुद्राची नाही.

कुंडीत मुंग्या झाल्या तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवा, अंडी घेऊन बाहेर पडतात. मुळांवर पांढरा कापसासारखा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण, त्याच्या गोड रसासाठीच मुंग्या आल्या असतात, मुळं धुवून माती बदला. आंब्यावरच्या लाल हुमल्यांना, म्हणजे मोठ्या लाल मुंग्यांना, मात्र मारू नका, ते मुळांना काही करत नाहीत. घूस येत असेल तर वाफ्याच्या तळाला बारीक तारेची जाळी, दुसरं काही टिकत नाही.

आणि कोणती अळी आहे तेच कळत नसेल तर तिला थोड्या ओल्या मातीसकट झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत घाला आणि जवळच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. फोटोवरून हुमणी आणि गेंड्या भुंग्याची अळी यांत गोंधळ होतो, हातात घेतल्यावर होत नाही. जाताना उपटलेलं रोप मुळांसकट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन जा, नुसती पानं नेऊ नका.